बिगफूटला 'बिगफूट' नाव का पडलं? आरसी ट्रक, तुटलेले पार्ट आणि आपलं बोट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना मध्येमध्ये येणारे 'अं', 'म्हणजे काय ना' काढून टाकलेत, बाकी गप्पा त्याच.

आज इतिहास आहे, पण राजे-महाराजे नाहीत. आज रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचा इतिहास. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून.

दोन वर्षांपूर्वी बोनस मिळाला आणि मी एक आरसी मॉन्स्टर ट्रक घेतला. एकास दहा स्केल, बॅटरीवर चालणारा, मोठ्ठे टायर. लहानपणी जत्रेतली रिमोटची गाडी मिळाली होती, ती दोन दिवसांत बंद पडली, त्याचा जुना हिशोब चुकता करायचा होता म्हणा ना. पहिल्या महिन्यात हा ट्रक चार वेळा तुटला. पुढचा सस्पेन्शन आर्म, मग स्टिअरिंगच्या सर्व्होचा गिअर, मग मोटरशेजारचा मोठा प्लॅस्टिक गिअर, आणि परत तोच आर्म. प्रत्येक वेळी पार्ट मागवायचा आणि आठ दिवस वाट बघायची.

मग दिवाळीच्या सुट्टीत माझा नऊ वर्षांचा भाचा आला. त्याच्या हातात रिमोट दिला, आणि पाचव्या मिनिटाला ट्रक फुटपाथच्या कडेवर आदळला. आर्म गेला. मी त्याच्यावर ओरडलो. चांगलाच ओरडलो. नवा पार्ट आल्यावर त्याला हाक मारली, तर म्हणतो कसा, "मामा, तूच चालव. मी बघतो."

हे मला लागलं. चार वेळा मी तोडला तेव्हा मला कोणी ओरडलं नव्हतं. तेव्हा वाटलं, ही खेळणी ज्यांनी सुरू केली ते लोक न तोडता शिकले होते का? शोधायला लागलो, आणि पहिलाच माणूस असा भेटला की बास!

ज्याच्या गाड्या सारख्या तुटायच्या

अमेरिकेत मिसूरी राज्यात सेंट लुईसजवळ बॉब चँडलर नावाचा एक बांधकाम कंत्राटदार होता. त्याच्याकडे १९७४ सालचा फोर्ड एफ-२५० पिकअप. फोर-व्हील-ड्राइव्ह. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन चिखलात, खड्ड्यांत गाडी घालायची, हा त्याचा छंद. आणि दर वेळी काहीतरी मोडून आणायचं, हे ठरलेलं. अडचण अशी की त्या भागात अशा गाडीचे पार्ट सहज मिळायचे नाहीत. मग १९७५ च्या सुमारास बायको मॅरिलिन आणि मित्र जिम क्रेमर यांच्या साथीनं त्यानं स्वतःच फोर-व्हील-ड्राइव्हच्या पार्टचं दुकान काढलं.

म्हणजे बघा, दुकान निघालं तेच मोडतोडीमुळे!

दुकानाची जाहिरात म्हणून तो आपलाच ट्रक वापरायचा. एखादा पार्ट तुटला की त्याजागी आणखी दणकट पार्ट. मग आणखी मोठे टायर. मग त्या टायरांच्या भारानं ॲक्सल तुटायचे. मग लष्करी गाड्यांचे जाडजूड ॲक्सल. दुकानाचा मॅनेजर रॉन मॅग्रुडर याला हे रोजचंच झालं होतं. गाडी सारखी का तुटते, तर तुझ्या त्या 'मोठ्या पाया'मुळे, असं तो चँडलरला चिडवायचा. म्हणजे ॲक्सिलरेटरवर दाबून ठेवलेला पाय. इंग्रजीत 'बिग फूट'. चँडलरनं काय केलं? रागावला नाही. तेच नाव ट्रकला देऊन टाकलं.

१९८१ मध्ये त्यानं एका शेतात जुन्या मोटारी उभ्या केल्या आणि बिगफूट त्यांच्यावरून चालवला. त्याचं शूटिंग झालं, ते लोकांनी पाहिलं, आणि थोड्याच वर्षांत 'मॉन्स्टर ट्रक' हा स्टेडियम भरवणारा खेळ झाला. आज आपल्या हातात जो आरसी मॉन्स्टर ट्रक असतो, तो याच घराण्यातला. आणि घराण्याचं नाव कशावरून? गाडी तोडणाऱ्या पायावरून. हे वाचल्यावर मी पंधरा मिनिटं एकटाच हसत होतो.

दुसरं टोक: जपान

आता जपानमधल्या शिझुओका शहरात जाऊ. तिथे तामिया ही कंपनी प्लॅस्टिकची मॉडेलं बनवायची. १९७६ मध्ये त्यांनी पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोटवाली गाडी आणली. ती सपाट रस्त्यावर पळणारी. मातीत गेली की खेळ संपला.

मग १९७९ मध्ये तामियानं दोन बग्गी आणल्या, रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर. वाळवंटातल्या शर्यतींत पळणाऱ्या फोक्सवॅगनवर आधारलेल्या. सस्पेन्शनला ओतीव धातूचे पार्ट होते आणि रिसीव्हर वगैरे नाजूक सामान एका बंद डब्यात होतं, पाणी-माती आत जाऊ नये म्हणून. आता गाडी अंगणात, वाळूत, डबक्यात नेता येत होती. आणि नेता येते म्हटल्यावर लोक ती आदळणार, हेही आलंच.

तेव्हाचा स्पीड कंट्रोलही आजच्यासारखा नव्हता. एक सर्व्हो एक कळ सरकवायचा आणि ती कळ दोन-तीन ठरलेल्या टप्प्यांतच वेग द्यायची. मधलं काही नाही. हळूच रेस द्यायची म्हटली तरी देता यायची नाही. शिवाय रेडिओ क्रिस्टलवर चालायचे. दोघांची फ्रीक्वेन्सी एकच निघाली की तुमची गाडी दुसऱ्याच्या रिमोटचं ऐकायची. आपल्याकडेही अनेकांनी हे अनुभवलंय ना? सोसायटीत दोन मुलांकडे सारखीच गाडी, आणि एकाच रिमोटवर दोन्ही पळतायत!

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टीम असोसिएटेडनं आरसी१० आणली. सोनेरी रंगाची, विमानात वापरतात तशा ॲल्युमिनियमची चासी. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडली. जिथे आदळणार तिथले आर्म नायलॉनचे होते. नायलॉन लवतो आणि परत जागेवर येतो. जिथे ताठ हवं तिथे धातू, जिथे धक्का बसणार तिथे लवचीक. १९८५ मध्ये डेल मारला ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हील-ड्राइव्ह गटात हीच गाडी जिंकली.

मोठे टायर, जुनाच घोळ

तोवर बिगफूटची हवा झाली होती. १९८६ मध्ये तामियानं ब्लॅकफूट आणला. फोर्ड पिकअपची बॉडी, मोठे टायर. पण आतला सांगाडा आधीच्या हलक्या बग्गीच्या घराण्यातला. आता टायर मोठा म्हणजे तरफ लांब. तेवढ्याच धक्क्याला गिअरबॉक्स आणि शाफ्टवर जास्त पीळ बसतो. हे जुने ट्रक जपणाऱ्यांना विचारा, शाफ्टचे सांधे झिजल्याची तक्रार हमखास ऐकायला मिळेल. चँडलरच्या ॲक्सलची गोष्टच छोट्या आकारात परत घडली.

१९८७ मध्ये क्लॉड बस्टर आला. दोन मोटर, पुढच्या ॲक्सलवर एक आणि मागच्यावर एक, शिवाय चारही चाकं वळणारी. खरा बिगफूटही चारही चाकांनी वळायचा. १९९९ मध्ये टेक्ससच्या ट्रॅक्ससनं इंधनावर चालणारा टी-मॅक्स आणला. त्यानंतरच्या दशकात ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटऱ्या सर्रास झाल्या, आणि बॅटरीवाले ट्रकसुद्धा सुसाट सुटले.

इथे जरा शाळेतलं फिजिक्स आठवा. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. ताशी २० किलोमीटरला ज्या कडेवर ट्रक नुसता उडी मारायचा, त्याच कडेवर ६० ला त्याचे तुकडे होतात. पार्ट किती पटींनी मजबूत झाले? नऊपट नक्कीच नाही. ही शर्यत पार्ट जिंकूच शकत नाहीत.

आणि इथेच माझी चूक होती. आर्म दुसऱ्यांदा तुटल्यावर मी भारी ॲल्युमिनियमचे आर्म मागवणार होतो. ते तुटले नसते, खरंय. पण तो धक्का जातो कुठे? पुढच्या पार्टात. आर्म वाचला तर तो जिथे बसतो ती ब्लॉकची जोडणी जाते, ती वाचली तर चासीच वाकते. घरात फ्यूज का असतो? स्वस्तातली तार वितळावी आणि टीव्ही वाचावा म्हणून. स्टिअरिंगमध्ये जो सर्व्हो सेव्हर असतो, म्हणजे धक्का गिळणारी छोटी स्प्रिंग, त्याचं कामही तेच. गिअरजवळचा स्लिपर क्लचही त्यासाठीच थोडा घसरतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही आपण एक छोटी सर्व्हिस पडू देतो, पण सगळी सिस्टिम पडू देत नाही. रोज ऑफिसात हे करणारा मी, ट्रकच्या बाबतीत मात्र फ्यूजच्या जागी खिळा ठोकायला निघालो होतो!

मग शिकायचं काय?

चँडलरचा मॅनेजर जे म्हणाला तेच. आपल्याकडे पाय नाही, बोट आहे. मोठं बोट लहान करायचं.

एक. बऱ्याच ट्रकमध्ये ट्रेनिंग मोड असतो, ताकद निम्मी करणारा. तो लावायला लाजू नका. वरच्या वेगाचं गणित आठवा.

दोन. मोकळं मैदान घ्या, दोन चपला दहा-पंधरा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढत राहा. ट्रक आपल्याकडे यायला लागला की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्यांचा ट्रक बहुतेक तिथेच आदळतो. आपण ट्रकच्या आत बसलोय असं समजून वळवायचं. ते डोक्यात नाही, हातात बसावं लागतं, म्हणून आठ.

तीन. आदळणार असं दिसलं की आधी रेस सोडा. घाबरल्यावर बोट आणखी आवळतं, हीच मेख आहे. पुढे पळणारा ट्रक एकदम रिव्हर्सला टाकू नका, थांबू द्या, नाहीतर गिअरचे दात जातात. माझा मोठा गिअर असाच गेला.

चार. उडी. हवेत रेस दिली की नाक वर जातं, ब्रेक दाबला की खाली येतं. पण जमिनीला टेकताना चाकं पूर्ण वेगात फिरत असतील तर सगळा झटका शाफ्ट आणि गिअर खातात. टेकताना बोट सैल.

पाच. प्रत्येक फेरीनंतर स्क्रू बघा. मोटरच्या छोट्या गिअरमध्ये आणि मोठ्या गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून फिरवा. ती न फाटता नुसती दुमडून बाहेर आली, तर दातांमधलं अंतर बरोबर आहे.

यात कुठेही 'कधीच तुटणार नाही' असं मी म्हटलेलं नाही. खुद्द चँडलरसुद्धा १९८९ मध्ये नळ्यांची चासी आणि लांब सस्पेन्शनवाला नवा बिगफूट घेऊन आला, आधी कॉम्प्युटरवर डिझाइन करून. म्हणजे पंधराएक वर्षं तोडल्यावरही तो शिकतच होता. तोडल्याशिवाय कुठे जोर येतो हे त्याला तरी कुठून कळलं असतं?

मे महिन्यात भाचा परत आला. मी त्याला आधी सॉरी म्हटलं. मग बिगफूटची गोष्ट सांगितली. त्याला ती फारच आवडली, विशेषतः मॅनेजर मालकाला चिडवतो तो भाग. ट्रेनिंग मोड लावला, चपला ठेवल्या, तीन दिवस आठ काढले. चौथ्या दिवशी त्यानं झाडाच्या बुंध्यावर ट्रक घातला आणि आर्म तुटला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी बॅगेतून जादाचा आर्म काढला आणि ॲलन की त्याच्या हातात दिली.

वीस मिनिटं लागली त्याला. एक स्क्रू उलटा लावला, परत काढला. मग रिमोट उचलला आणि मला म्हणाला, "मामा, आता तू बघ."

तुमच्याकडे तुटलेलं काय पडलंय, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर बोट सैल ठेवा!