२५ डिसेंबरचं दुकान, २ ऑक्टोबरचं दुकान



डिसेंबर लागला की मॉलमध्ये नाताळचं झाड उभं राहतं आणि आपल्यातलं कुणीतरी म्हणतंच, "हे सगळं नवीन खूळ, आमच्या वेळी नव्हतं." पण मुंबईच्या फोर्टात दुकानातला नाताळ शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. तो कसा आला नि कुठे गेला, हे घर चालवणाऱ्या बाईला माहीत असावं, म्हणून आज हे लिहिते.

आपल्या किनाऱ्यावरचा नाताळ तर त्याहूनही जुना. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज. आपला पाव, बटाटा, काजू, चावी हे शब्दही त्याच गलबतांतून उतरले. पोर्तुगीज चौल-रेवदंड्याला सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले आणि १७४० मध्ये हा मुलूख त्यांनी मराठ्यांना दिला. सत्ता गेली, पण कोर्लईच्या गडाखाली राहणारी ख्रिस्ती माणसं राहिली. ती आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलतात. त्यांचा नाताळ देवळातला आणि घरातला.

दुकानातला नाताळ इंग्रजांबरोबर आला. लंडनमध्ये १८७१ साली लष्कर आणि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून एक सहकारी संस्था काढली, 'आर्मी अँड नेव्ही'. म्हणजे आपल्या अपना बाजारासारखीच कल्पना, फक्त साहेबांसाठी. तिची मुंबईतली शाखा १८९१ मध्ये निघाली. काळा घोड्याजवळची तिची इमारत अजून उभी आहे. अलीकडे तिथे टाटांचं वेस्टसाइड आलं. दुसरं मोठं दुकान हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवर, 'व्हाइटवे लेडलॉ'. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश माणसाने ही कंपनी १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू केली आणि पुढे लाहोरपासून सिंगापूरपर्यंत तिच्या शाखा झाल्या. तिथे उधारी नाही, सगळा व्यवहार रोखीचा. त्यामुळे लोक तिच्या नावाची गंमत करून 'राइट-अवे अँड पेड-फॉर' म्हणत. म्हणजे, लगेच न्या, पण पैसे मोजून न्या!

या दुकानांचा मोठा हंगाम डिसेंबर. विलायतेत दुकानदारांनी नाताळ आधीच आपलासा केला होता. लिव्हरपूलच्या लुईस दुकानाने १८७९ मध्ये मुलांसाठी आत परीनगरीच उभारली होती. तीच रीत बोटीने इथे आली. खेळणी, बाहुल्या, भेटकार्डं, ओढल्यावर फट्‌ वाजणारे कागदी क्रॅकर, डबाबंद पुडिंग. माल समुद्रावरून यायला कित्येक आठवडे लागत, म्हणून मागणी बरीच आधी नोंदवावी लागे. आणि २५ तारीख उलटली की उरलेला माल पडून राही. बी.कॉम.ला आम्हाला हंगामी माल आणि त्यात अडकलेलं भांडवल शिकवलं होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. आर्मी अँड नेव्हीच्या सूचीत तर एवढ्या वस्तू होत्या की १९०७ ची सूची पुढे लोकांनी गंमत म्हणून वाचावी यासाठी पुस्तकरूपाने पुन्हा छापली गेली.

आता बाईच्या नजरेने बघा. आपल्या पेढीवर काय होतं? गिऱ्हाईक गादीवर बसे, काय हवं ते सांगे, मग माल उलगडला जाई. आधी गरज, मग माल. काचेमागे मांडलेल्या दुकानाने हे उलटं केलं. हॉर्नबी रोडच्या इमारतींखाली कमानींचा फूटपाथ आहे. ऊन नाही, पाऊस नाही, चालता चालता बघत राहायचं. आधी माल दिसतो, मग गरज वाटू लागते. नाताळात मुलाचा हात धरून तिथून जाणाऱ्या आईची काय परीक्षा होत असेल!

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की एकच भाव, वस्तूवर लिहिलेली किंमत, घासाघीस नाही, या गोष्टी बाईच्या फायद्याच्या होत्या. व्यवहार न कळणाऱ्या बाईलाही तिथे फसायची भीती कमी.

मग काळ फिरला. ३१ जुलै १९२१ रोजी परळला गांधीजींनी विलायती कापडाची होळी पेटवली. १९३० मध्ये देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून विलायती कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या. त्या चळवळीत हंसाबेन मेहता होत्या, पेरीन कॅप्टन होत्या, जैन घरातल्या लीलावती मुनशी होत्या. उंबऱ्याबाहेर फारशा न पडलेल्या कितीतरी बायका त्यांच्याबरोबर होत्या. त्या गिऱ्हाइकाला हात जोडून एवढंच म्हणत, घेऊ नका.

स्वातंत्र्याच्या आसपास साहेब गेला नि त्याची दुकानंही गेली. व्हाइटवे लेडलॉच्या त्याच इमारतीत खादी भांडार आलं. आम्ही रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचो, तेव्हा सासऱ्यांचं कापड घ्यायला तिथेच जायचो. गर्दी कधी, तर गांधी जयंतीची सूट लागली की. इमारत तीच, कमानी त्याच, फक्त दुकानाचा सण २५ डिसेंबरवरून २ ऑक्टोबरवर आला होता.

यातून मला एक गोष्ट कळली. दुकानाचा सण दुकानाबरोबर जातो. साहेबाचा तो नाताळ पन्नास-साठ वर्षांत संपला. कोर्लईचा मात्र चारशे वर्षं टिकला, कारण तो कुणी विकायला ठेवला नव्हता. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांत अजून आया-लेकी मिळून कुलकुल नि नेवऱ्या करतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच की!

आता आपल्या दिवाळीकडे बघा. फराळ बाहेरून, दिवे बाहेरून, भेटीचे डबेही बाहेरून आणि तेही मोबाइलवरून. काच आता आपल्या हातातच आली आहे. घेऊच नये असं मी म्हणत नाही. आपली घरं व्यापारावरच उभी आहेत. पण आपल्या बारा व्रतांत परिग्रहाला मर्यादा घालायचं व्रत आहे, ते या काचेसाठीच असावं असं वाटतं. मी एवढंच करते की काय हवं ते आधी कागदावर लिहिते, मग मोबाइल उघडते. आणि दर सणाला एक तरी पदार्थ नातवंडांना घेऊन घरीच करते, मग तो वाकडातिकडा का होईना.

यंदा तुमच्या घरी कोणता होणार?