शारीर दिशावाचक संज्ञा
शरीरातील अवयवांची परस्परसापेक्ष स्थाने व दिशा दर्शविणाऱ्या संज्ञा. सुश्रुतसंहितेत २४ धमन्यांपैकी १० ऊर्ध्वगामी, १० अधोगामी व ४ तिर्यग्गामी सांगितल्या आहेत. आधुनिक संज्ञांना एकच प्रमाणस्थिती आधारभूत असते : मनुष्य ताठ उभा, तळहात पुढे. त्यामुळे देह उताणा असो वा पालथा, अग्र, पश्च, अभिमध्य व पार्श्व यांचे अर्थ बदलत नाहीत. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८४५ पासून शारीराचे अध्यापन इंग्रजीतून सुरू झाले. एकाच भागाच्या अनेक नावांमुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी १८९५ मध्ये बाझेल येथे लॅटिन नामावली संमत झाली. परळ (१९२६) आणि अँटॉप हिलनजीकच्या शीव (१९६४) येथील महाविद्यालयांतही उजवे-डावे रुग्णाचेच मानतात, पाहणाऱ्याचे नव्हे. भलत्या बाजूची शस्त्रक्रिया टाळण्यास हा संकेत अत्यावश्यक ठरतो.