‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ : गुण आणि उणिवा

‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ हा संगणकीय खेळ १९९८च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. बॉस्टनलगतच्या केंब्रिज येथील ‘लुकिंग ग्लास स्टुडिओज’ने तो घडवला आणि ‘आयडॉस इंटरॅक्टिव्ह’ने प्रकाशित केला. ‘डूम’ व ‘क्वेक’ यांच्यामुळे नायकाच्या डोळ्यांनी पाहावयाचा खेळ म्हणजे बंदूक रोखून धावणे, हे समीकरण तोपर्यंत रूढ झाले होते. ‘थीफ’ने दृष्टिकोन तोच ठेवला, नायक मात्र दुबळा निवडला. गॅरेट हा चोर दोन सशस्त्र पहारेकऱ्यांच्या समोर सापडला, तर बहुधा जिवानिशी जातो. त्याच वर्षी आलेल्या ‘तेंचू’ आणि ‘मेटल गिअर सॉलिड’ या जपानी खेळांतही लपणे महत्त्वाचे होते; तथापि तेथे खेळाडू आपले पात्र बाहेरून पाहतो. येथे तो स्वतःच अंधारात उभा असतो.

आपण कितपत दिसतो आहोत, हे पडद्याच्या तळाशी असलेले एक रत्न सांगते. उजेडात ते झळकते, काळोखात विझते. पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते. पण या खेळाची खरी थोरवी प्रकाशात नसून आवाजात आहे. फरशीवर किंवा लोखंडी पत्र्यावर पाऊल वाजते, गालिच्यावर वा गवतावर ते दबते; वाजणाऱ्या जमिनीवर शेवाळाचा बाण सोडून वाट मऊ करता येते. आवाज भिंतींतून सरळ आरपार जात नाही, तो दारांतून आणि दालनांतून वळत प्रवास करतो, दार लावल्यास मंदावतो. शीळ घालणारा पहारेकरी कोणत्या बाजूने येत आहे, हे त्यामुळे कानांनीच ओळखावे लागते आणि आपली चाहूलही त्याला त्याच वाटेने लागते. एरिक ब्रोसियस यांची ध्वनिरचना आणि गॅरेटला लाभलेला स्टीफन रसेल यांचा उपरोधिक आवाज आजही जुना वाटत नाही.

काठिण्यपातळीची कल्पनाही अभिनव होती. पातळी वाढली की उद्दिष्टे वाढतात, अधिक लूट आणावी लागते आणि सर्वांत वरच्या पातळीवर मनुष्यहत्येस मनाई असते. पहिल्याच मोहिमेत, लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यात विहिरीतून शिरताना, हे सारे गुण एकत्र अनुभवास येतात.

दुसऱ्या मोहिमेपासूनच मात्र प्रेते चालू लागतात. तिसरी मोहीम तर एका विस्तीर्ण भूमिगत दफनस्थानातच घडते. पहारेकऱ्याला बेशुद्ध करणारा सोटा या प्रेतांवर चालत नाही. तलवारीने पाडलेले प्रेत काही वेळाने पुन्हा उठते. त्यांचे संभाषण चोरून ऐकण्याची सोय नाही, चोरण्याजोगे घर नाही. खेळकर्त्यांचा आपल्याच कल्पनेवर पुरता विश्वास नव्हता की काय, अशी शंका येते. (एक अपवाद प्रांजळपणे नोंदवावयास हवा: ‘रिटर्न टू द कॅथेड्रल’ ही झपाटलेल्या मंदिरातील मोहीम भयरसाचा उत्तम नमुना आहे.) इतर दोष किरकोळ आहेत. मशाल विझली तरी पहारेकऱ्यांना नवल वाटत नाही, बेशुद्ध झालेला कधीच शुद्धीवर येत नाही, तलवारबाजी बोजड आहे आणि माणसांचे ठोकळेवजा चेहरे त्या काळीही मागासच होते.

१९९९च्या ‘थीफ गोल्ड’ आवृत्तीत तीन मोहिमांची भर पडली. टीकेची दखल घेऊन २०००च्या ‘थीफ २: द मेटल एज’मध्ये भुताखेतांचा वावर बराच कमी करण्यात आला व शहरी घरफोडीवर भर दिला गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लुकिंग ग्लास बंद पडली. मोहिमा रचण्याचे ‘ड्रोमएड’ हे साधन खेळाडूंच्या हाती आले होते. त्यातून चाहत्यांनी शेकडो नव्या मोहिमा घडवल्या. २०१२मध्ये प्रकटलेल्या ‘न्यूडार्क’ या अनधिकृत सुधारणेमुळे हा खेळ आधुनिक संगणकांवरही सुरळीत चालतो. ‘गोल्ड’ आवृत्ती आज सहज विकत मिळते. ती हेडफोन लावूनच खेळावी.