बाळाचे वजन हळू वाढते आहे? आईचे दूध कसे वाढवावे

बाळ रडते आणि वजन वाढत नाही, म्हणजे आईला दूधच नाही, असे घरातले फार लवकर ठरवून मोकळे होतात. आधी आकडे पाहा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. ते १० टक्क्यांपेक्षा जास्त उतरले तर तपासणी हवी. दोन आठवड्यांत जन्मवजन भरून यावे आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमसारख्या गावात आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून बाळाचे वजन करून घ्या, शक्यतो एकाच काट्यावर आणि कपडे काढून.

जितके दूध स्तनातून बाहेर निघते, तितके नवे तयार होते. साचून राहिले की निर्मिती मंदावते. धास्तीने बाटली सुरू केली की बाळ कमी चोखते आणि दूध आणखी घटते.

बहुतेक वेळा अडचण पकडीत असते. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. नुसते बोंड नव्हे, भोवतालचा काळा भागही, विशेषतः खालचा, तोंडात जायला हवा. दुखत असेल तर तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे याविषयीचे मराठी व्हिडिओ मोफत आहेत, सासूबाईंनाही दाखवा.

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजा, रात्रीही. झोपाळू बाळाला दर दोन-तीन तासांनी उठवा. पाजून झाल्यावर हाताने दूध काढा आणि ते वाटी-चमच्याने बाळाला द्या. बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवल्यानेही फायदा होतो.

हळिवाचे लाडू, डिंक, मेथी जरूर खा, बाळंतिणीला ताकद हवीच. पण स्तन रिकामे होत नसतील तर नुसत्या लाडवांनी दूध वाढणार नाही. बाळंतिणीचे पाणी तोडू नका. बाळाला मात्र सहा महिने पाणी, गुटी, मध काही नको, विदर्भातल्या मे महिन्यातसुद्धा. दूध वाढवण्याच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

काही आयांना खरोखरच दूध कमी येते: थायरॉईड, बाळंतपणातला जास्त रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, काही गर्भनिरोधक गोळ्या. कधी कारण बाळात असते, जसे जखडलेली जीभ, जंतुसंसर्ग किंवा हृदयाचा आजार. अशा वेळी डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर द्या. बाळाला उपाशी ठेवून दूध वाढवायचे नसते.

पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, टाळू खोल जाणे, अंग गरम किंवा गार पडणे, पिण्यासाठीही न उठणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. १०२ किंवा १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते.