लॅटिन संख्याउपसर्गांचे शास्त्रीय शब्द (नांदेड-लातूर परिसर)

लॅटिन संख्याउपसर्गांचे शास्त्रीय शब्द : लॅटिन संख्यावाचकाचे आखूड रूप आरंभी जोडून घडवलेल्या इंग्रजी संज्ञा. युनि, बाय, ट्राय, क्वाड्रि, सेंटि, मिलि ही त्यांतली नेहमीची रूपे. ‘अर्धा’ या अर्थाचे सेमी आणि ‘पुष्कळ’ या अर्थाचे मल्टी हेही याच घरातले धरतात. बायसेप्स, ट्रायकस्पिड, क्वाड्रंट, सेंटिमीटर, मिलिपीड ही काही उदाहरणे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हे शब्द मुख्यतः अकरावी-बारावीच्या वर्गांत आणि मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, कानावर पडतात. शेतातही त्यांची गाठ पडते, पण तिथे त्यांना वेगळी नावे आहेत.

लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे मराठी वाचकाला ही संख्यारूपे ओळखीची वाटतात. दुओ आणि द्वि, सेप्तेम आणि सप्त, ओक्तो आणि अष्ट, नोवेम आणि नव, देकेम आणि दश ही सख्खी भावंडे आहेत. ‘सेमी’चे भावंड ‘सामि’ संस्कृतात होते. मराठीत ते टिकले नाही. मोनो, डाय, टेट्रा, पेंटा, किलो ही मालिका मात्र ग्रीक आहे आणि इंग्रजी शास्त्रभाषेत दोन्ही मालिका सरमिसळ नांदतात. ‘तीन’ दोन्हींत जवळजवळ सारखाच असल्यामुळे ट्राय पाहून घराणे कळत नाही, पुढचे पद तपासावे लागते. फोलियुम हे लॅटिन पान, म्हणून ट्रायफोलिएट लॅटिन. गोनिया हा ग्रीक कोन, म्हणून ट्रिगोनोमेट्री ग्रीक.

परिभाषेचे थर : या भागात शास्त्रीय संख्याशब्दांचे तीन थर एकमेकांवर चढले आहेत आणि त्यांतला सर्वांत आधीचा आज जवळजवळ विसरला गेला आहे. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १९८२ चा) निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी दारुल तर्जुमा हे भाषांतर खाते चालवले गेले आणि त्याने पाश्चात्त्य शास्त्रांची परिभाषा उर्दूत आणली. त्या परिभाषेचा मोठा आधार अरबी संख्याधातू होते. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, चौरस म्हणजे मुरब्बा, पंचकोन मुखम्मस, षट्कोन मुसद्दस. (खायच्या मुरब्ब्याचा धातू निराळा.) घरी मराठी बोलणारी त्या पिढीतली मुले भूमिती या शब्दांत शिकली.

अरबी थराचा लॅटिनशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. लहान आतड्याच्या पहिल्या भागाला इंग्रजीत ड्युओडेनम म्हणतात. मूळ अर्थ ‘बारा-बारा’. त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी, म्हणजे आजच्या मापाने २५ ते ३० सेंटिमीटर. नाव मूळचे ग्रीक, तिथून ते अरबीत गेले, आणि बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले तेव्हा ‘ड्युओडेनम’ तयार झाला. युनानी वैद्यकाच्या उर्दूत हाच अवयव आजही ‘इस्ना अशरी’, म्हणजे बाराचाच आहे. मराठी पाठ्यपुस्तकातल्या ‘आद्यांत्रा’ने मात्र ही बोटे मोजली नाहीत. ते फक्त ‘पहिले आतडे’ एवढेच सांगते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तेच सोयीचे आहे.

दुसरा थर संस्कृतनिष्ठ मराठीचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि शालेय पुस्तकांतून एकपेशीय, बहुपेशीय, द्विविभाजन, द्विनाम पद्धती, चतुष्पाद, अर्धपार्य पटल हे शब्द रुळले. तिसरा थर थेट इंग्रजीचा. तो अकरावीत येतो आणि ‘सेमी’ला घातलेल्या मुलांना त्याआधीच भेटतो. गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचे विषय मराठीत, अशा शाळेला महाराष्ट्रभर नुसते ‘सेमी’ म्हणतात. एक लॅटिन उपसर्ग असा स्वतंत्र मराठी नाम होऊन बसला आहे. पालकांना त्यापुढचे ‘इंग्रजी’ उच्चारायची गरजही वाटत नाही.

अध्यापनात : नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले, लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्थापन झाले. पण या शब्दांना इथे खरी मागणी आली ती ‘लातूर पॅटर्न’ या परीक्षा-तयारीच्या पद्धतीमुळे : आधी बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी, पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी. नीट परीक्षेच्या ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते. तरी कनिष्ठ महाविद्यालयातले विज्ञान इंग्रजीत शिकवले जात असल्याने दहावीपर्यंतचे ‘द्विनाम’ आणि अकरावीचे ‘बायनॉमियल’ यांचा सांधा विद्यार्थ्याला स्वतःच जुळवावा लागतो. उपसर्ग ओळखता आला की हा सांधा पटकन जुळतो. हृदयाच्या उजव्या बाजूची ट्रायकस्पिड म्हणजे त्रिदल झडप, डाव्या बाजूची बायकस्पिड म्हणजे द्विदल. बायसेप्स दोन शीर्षांचा स्नायू, ट्रायसेप्स तीन, क्वाड्रिसेप्स चार.

ही शीर्षेही एकदा मोजून कायमची ठरली असे नाही. मांडीच्या पुढच्या भागातल्या क्वाड्रिसेप्समध्ये पाचवा घटक असल्याचा दावा विच्छेदनाच्या आधारे २०१६ मध्ये मांडला गेला. नाव अर्थात चारचेच राहिले. संख्याउपसर्ग नाव देणाऱ्याला पहिल्या नजरेत काय दिसले ते सांगतो. पुढच्या मोजणीची जबाबदारी तो घेत नाही.

शेतात : दोन्ही जिल्ह्यांचे खरीप सोयाबीन, तूर आणि कापसावर उभे आहे, आणि सोयाबीनचे रोप तर उगवता उगवता संख्यांची उजळणीच करते. आधी मातीतून दोन बीजपत्रे वर येतात, मग समोरासमोर साध्या पानांची एक जोडी, म्हणजे युनिफोलिएट. त्यानंतरचे प्रत्येक पान तीन पर्णिकांचे, ट्रायफोलिएट. पिकाची वाढीची अवस्था कृषिशास्त्रज्ञ या त्रिपर्णी पानांवरूनच मोजतात. तुरीचे पानही त्रिपर्णी आणि बेलाचेही. बेलाचे त्रिदळ महादेवाला वाहणाऱ्याला ट्रायफोलिएट समजावून सांगावे लागत नाही. ‘द्विदल’ मात्र जपून वापरावा. स्वयंपाकघरात आणि बाजारात द्विदल धान्य म्हणजे डाळवर्गीय धान्य. वनस्पतिशास्त्रात तो दोन बीजपत्रांचा सगळा वर्ग, ज्यात कापूसही येतो आणि आंबाही. त्यासाठीचा इंग्रजी ‘डायकॉट’ ग्रीक आहे, लॅटिन नव्हे.

उपसर्गाने सर्वांत मोठी थाप मारली ती वाणी या प्राण्याच्या बाबतीत. पहिल्या पावसानंतर बांधावर, पालापाचोळ्यात हे तपकिरी, गुळगुळीत प्राणी दिसू लागतात. हात लावला की वेटोळे करून नाण्यासारखे होतात, म्हणून त्यांना ‘पैसा’ही म्हणतात. एरवी कुजका पाला खाणारा हा प्राणी काही वर्षी सोयाबीन-कपाशीचे उगवते कोंब कुरतडतो आणि मग परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला त्यावर सल्ला द्यावा लागतो. त्याचे इंग्रजी नाव मिलिपीड, म्हणजे सहस्रपाद. पण हजार पायांचा मिलिपीड शास्त्राला कित्येक शतके सापडलाच नव्हता. आधीचा उच्चांक ७५० पायांचा. डिसेंबर २०२१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात, सुमारे ६० मीटर खोल छिद्रातून मिळालेल्या युमिलिपेस पर्सेफोनी या जातीची नोंद झाली. तिच्या एका मादीला १,३०६ पाय निघाले आणि नाव पहिल्यांदा खरे ठरले. आपल्या बांधावरच्या वाणीला शेकड्यांतच पाय असतात, शरीराच्या बहुतेक वलयांवर दोन-दोन जोड्या.

सेंटिपीड, म्हणजे मराठीतली गोम, हिची अडचण वेगळी. तिच्या पायांच्या जोड्या जवळजवळ नेहमी विषम असतात : १५, २१, २३ आणि काही जातींत १९१ पर्यंत. शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, आणि पन्नास ही संख्या सम. म्हणून ‘शतपाद’ गोमेला नेमके शंभर पाय बहुधा नसतातच. वाणी आणि गोम यांतला उपयोगी फरक पायांच्या संख्येत नाही. गोम शिकारी आणि विषारी, वाणी शाकाहारी. शेतात काम करणाऱ्याला एवढे माहीत असते आणि ते पुरते.

मोंढ्यात : सोयाबीन, तूर, हरभरा यांचा भाव लातूरच्या आडत बाजारात क्विंटलवर बोलला जातो. ‘क्विंट’ हे लॅटिन पाचाचे रूप, तेव्हा क्विंटलचा संबंध पाचाशी असावा असे वाटणे साहजिक आहे. तो नाही. लॅटिनमधल्या शंभराच्या केंतेनारियुसचे ग्रीकमार्गे अरबीत किंतार झाले. तेच मध्ययुगीन लॅटिनमध्ये क्विंताले होऊन परतले आणि फ्रेंच-इंग्रजीतून क्विंटल म्हणून आले. म्हणजे सेंटिमीटर आणि क्विंटल हे एकाच शंभराचे वंशज, फक्त दुसरा अरबस्तानातून फिरून आला. पूर्वी तो शंभर रत्तलांचा होता, दशमान पद्धतीत शंभर किलोंचा झाला. १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर सेर, मण आणि खंडी यांची जागा त्याने घेतली.

दशमान उपसर्गांत फ्रान्सने १७९५ मध्ये एक शिस्त घातली : एककाचे भाग दाखवायचे तर लॅटिन (डेसि, सेंटि, मिलि), पटी दाखवायच्या तर ग्रीक (डेका, हेक्टो, किलो). त्यामुळे पाऊस मिलिमीटरमध्ये आणि रान हेक्टरमध्ये. धरणातल्या पाण्यासाठी मराठी वृत्तपत्रांनी मात्र दोन्ही मालिका बाजूला ठेवल्या. मांजरा किंवा विष्णुपुरीचा साठा ‘दलघमी’त छापतात, म्हणजे दशलक्ष घनमीटर, दोन शब्दांना पुरणारा इतका आटोपशीर संक्षेप सरकारी मराठीत विरळा.

फसवी रूपे : संख्या दिसते पण नसते, असे शब्दही पुष्कळ आहेत आणि परीक्षेत घात करतात ते हेच. सोयाबीन-तुरीवर फवारायच्या क्विनॉलफॉसमधला ‘क्विन’ पाच नव्हे. तो क्विनॉक्सॅलीनवरून आला, त्यामागे क्विनीन आणि त्याच्याही मागे दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेतला झाडाच्या सालीचा शब्द. हृदयाचा सेप्टम सातचा नव्हे, कुंपणाचा. बायोप्सीतला ‘बाय’ दोनचा नव्हे, जीवनाचा. ज्वारी-बाजरीसाठीचा ‘मिलेट’ हजार दाण्यांवरून आला अशी समजूत २०२३ या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात बरीच फिरली. पण त्याचे मूळ मिलिउम हे धान्याचेच नाव आहे. क्वाड्रॅटिक समीकरणात चौथा घात शोधणाऱ्याची फसगत जरा निराळी : तिथे चार खरोखर आहे, पण तो चौरसाच्या बाजूंचा. उर्दूतला मुरब्बाही चौरसाला आणि वर्गसंख्येला असाच चालतो, आणि त्यातही चारच. मराठी ‘वर्ग समीकरणा’त संख्या नसल्यामुळे हा घोळ होत नाही.

रसायनशास्त्रात लॅटिन उपसर्ग मागे पडत गेले. बायकार्बोनेट खाण्याच्या सोड्याच्या डब्यावर टिकला, पुस्तकात तो हायड्रोजनकार्बोनेट झाला. खताच्या दुकानातल्या डीएपीचा ‘डाय’ ग्रीक. पण सेंद्रिय रसायनाच्या ग्रीक मालिकेत नऊ आणि अकरा मात्र लॅटिन : नोनेन, अनडेकेन. नव्या मूलद्रव्यांच्या तात्पुरत्या नावांत तर दोन्ही भाषा मुद्दाम मिसळल्या. निल, उन, बाय, ट्राय, क्वाड, पेंट, हेक्स, सेप्ट, ऑक्ट, एन असे दहा अंश ठरवले, कारण दहांची आद्याक्षरे निरनिराळी हवी होती. त्यानुसार ११७ वे मूलद्रव्य उनउनसेप्टियम. २०१६ मध्ये त्याला टेनेसीन हे नाव मिळाले. त्याच वर्षी ११३, ११५ आणि ११८ यांचीही नामकरणे झाली आणि आवर्तसारणीची सातवी ओळ या तात्पुरत्या नावांतून मोकळी झाली.