तळटीप १७ : ‘बर्फाचा महाल’

१७. मूळ नाव ‘इस-स्लॉटेट’. पेर ब्लोम या दिग्दर्शकाचा १९८७ सालचा नॉर्वेजियन चित्रपट. तो तार्याय वेसोस (१८९७–१९७०) यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. अँडरसनच्या ‘हिमराणी’शी त्याचा संबंध नाही. वेसोस टेलेमार्कमधल्या विन्ये गावचे. बोलींच्या पायावर उभ्या राहिलेल्या ‘नीनॉर्स्क’ या प्रमाणरूपात ते लिहीत. नॉर्वेजियनच्या दोन अधिकृत लेखनरूपांपैकी हे कमी वापरातलं रूप. या कादंबरीला १९६४ मध्ये नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार मिळाला.

सिस आणि उन या अकरा वर्षांच्या दोन मुली. एका संध्याकाळी त्यांची जवळीक जुळते. दुसऱ्या दिवशी उन शाळेत न जाता गोठलेल्या धबधब्याकडे जाते, बर्फाच्या एकेका दालनातून आत शिरत राहते आणि तिथेच गोठून मरते. गावकरी धबधब्यापर्यंत शोध घेतात; ती सापडत नाही. उनने काय सांगितलं होतं, हे सिस कुणालाही सांगत नाही. प्रस्तुत परिच्छेदात लेखकाने मीराच्या अबोल्याला ‘बर्फाचा महाल’ म्हटलं आहे ते सिसच्या या मौनाला उद्देशून, उनच्या मृत्यूला नव्हे. वाचताना हा फरक ध्यानात ठेवणं फार गरजेचं आहे, नाहीतर पुढचा संवाद उगाच शोकाचा वाटतो. वसंतात पाण्याच्या लोंढ्याने तो महाल कोसळतो, पृ. २१२ वरचा ‘कोसळणं’ हा उल्लेख त्याचाच. — संपा.