रुग्णालयातील वृद्ध आणि अकस्मात होणारा बुद्धिभ्रम

कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयात असो वा लातूरला, दाखल झालेले आजी-आजोबा रात्री एकाएकी असंबद्ध बोलू लागले, की ‘म्हातारचळ’ वा ‘बाहेरची बाधा’ म्हणून आप्तजन गप्प बसतात. वैद्यकशास्त्र ह्या अवस्थेस डिलिरियम म्हणते. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी घटणे, लघवी तुंबणे, झोपेच्या गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे होत. काही वृद्ध उलट सुस्त पडून राहतात. ते सहज नजरेआड होते. कारण सापडून उपचार झाल्यास बहुधा भान परत येते, म्हणून डॉक्टरांना तत्काळ सांगावे. चष्मा, श्रवणयंत्र जवळ ठेवावे. ओळखीचे माणूस उशाशी असावे. हातपाय बांधल्याने भीती वाढते.

धर्मगुरूंना बोलावण्यासही अनेकजण शुद्ध हरपेपर्यंत थांबतात, हे आम्हांस खटकते. रुग्णाभ्यंग साक्रामेंत केवळ मरणासन्नांसाठी नाही. वार्धक्याने क्षीण झालेल्यांनाही तो दिला जातो, आणि आजार बळावल्यास पुन्हा घेता येतो.